निखाऱ्यावर भाजलेला पाव

रोममध्ये तिबेर नदीच्या काठी तेस्ताच्चो नावाची जुनी वस्ती आहे. तिथे सुमारे ३५ मीटर उंचीची एक टेकडी उभी आहे. अंगावर गवत, मधूनमधून झाडं, पायथ्याशी खानावळी. लांबून पाहणाऱ्याला वेगळं काही जाणवत नाही. जवळ गेलं की पायाखाली खापरं लागतात, कारण ही सगळी टेकडीच खापरांची आहे. इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत स्पेनच्या दक्षिणेकडून आणि उत्तर आफ्रिकेतून जहाजांनी रोमला ऑलिव्हचं तेल येई. ते मातीच्या मोठ्या कुंभांत भरलेलं असे. स्पेनकडच्या एका कुंभात साधारण ७० लिटर तेल मावे. तेल काढून घेतल्यावर कुंभाच्या मातीत मुरलेला अंश खवट होई आणि कुंभ पुन्हा कामी येत नसे. मग ते फोडायचे, खापरं थरावर थर रचायची, वास मारण्यासाठी वर चुना टाकायचा. असे पाच कोटींहून अधिक कुंभ या टेकडीत आहेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. काही खापरांवर तेलाचं वजन आणि व्यापाऱ्याचं नाव शाईने लिहिलेलं आजही वाचता येतं.

ब्रुस्केत्ता या पदार्थाबद्दल लिहायचं तर सुरुवात या टेकडीपासूनच करायला हवी. आज जगभरच्या उपाहारगृहांत जेवणाआधी टोमॅटोचे तुकडे घातलेला भाजका पाव या नावाने येतो आणि खाणाऱ्याचं सगळं लक्ष त्या टोमॅटोकडे जातं. खरं तर हा पदार्थ तेलाचा आहे. पाव हे तेल तोंडापर्यंत नेण्याचं साधन आणि टोमॅटो हा फार उशिरा आलेला पाहुणा. हे एकदा ध्यानात आलं की त्याचं नाव, त्याचा ऋतू, त्याचे प्रदेशोप्रदेशीचे अवतार, सगळंच उलगडत जातं.

पाव आणि तेल ही जोडी इटलीत किती जुनी आहे, हे रोमन लेखक थोरल्या केटोच्या ग्रंथातून कळतं. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात त्याने शेतीच्या कारभारावर लिहिलेलं हे पुस्तक लॅटिन गद्यातलं, आज संपूर्ण उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं पुस्तक आहे. शेतावर राबणाऱ्या माणसांना किती शिधा द्यावा, याचा हिशेब त्यात मांडलेला आहे. बेड्या घातलेल्या गुलामाला हिवाळ्यात रोज चार रोमन रत्तल पाव, म्हणजे आजचा सुमारे १.३ किलो, द्राक्षमळा खणायला घेतला की पाच रत्तल. पावासोबत झाडाखाली गळून पडलेली ऑलिव्हची फळं. तेल मात्र माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास, आणि मीठही मोजूनमापून. ज्याच्या घामातून तेल निघे, त्याच्या वाट्याला ते थेंबाथेंबाने येई, हे त्या आकड्यांतून लख्ख दिसतं. ब्रुस्केत्ताला कुणी एक जनक नाही. पाव, तेल आणि विस्तव ही तिन्ही जिथे एकत्र आली, तिथे तिथे तो पुन्हा पुन्हा जन्मला आणि बहुतेक वेळा कष्टकऱ्यांच्या हातांनी जन्मला.

नाव रोमच्या बोलीतलं आहे. रोम आणि आसपासच्या मध्य इटलीत ‘ब्रुस्कारे’ म्हणजे निखाऱ्यावर भाजणं. त्यावरून भाजलेल्या पावाच्या कापाला ‘ब्रुस्केत्ता’ म्हणू लागले. अनेक काप असले तर ‘ब्रुस्केत्ते’. आपल्याकडच्या मेनूकार्डांवर सर्रास ‘ब्रुशेटा’ छापलेलं असतं आणि तसंच मागितलं जातं. इटालियन लिपीचा नियम वेगळा आहे. तिथे ‘सी’ या अक्षरापुढे ‘ई’ किंवा ‘आय’ आला की उच्चार ‘च’ होतो. मध्ये ‘एच’ घातला की तो ‘क’ होतो. मिकेलांजेलो या नावात तोच ‘एच’ आहे आणि कियांती या मद्याच्या नावातही. जर्मन भाषेत ‘एस-सी-एच’ ही अक्षरं एकत्र आली की ‘श’ म्हणून वाचतात, आणि तीच सवय या शब्दाला चिकटली. नावात फक्त भाजण्याचा उल्लेख आहे, वर काय घालायचं याविषयी एक अक्षर नाही, याकडे मात्र जरूर लक्ष द्यावं.

आता तेलघाण्याकडे वळू, कारण या पदार्थाचं खरं घर तेच. इटालियन भाषेत घाण्याला ‘फ्रान्तोयो’ म्हणतात. मध्य इटलीत ऑक्टोबरच्या मध्यापासून ऑलिव्हची तोडणी सुरू होते आणि नोव्हेंबर हा तिचा भराचा महिना. झाडाखाली जाळी अंथरायची, फांद्यांमधून हाताने किंवा कंगव्यासारख्या अवजाराने फळं ओढून पाडायची. आता हवेच्या दाबावर चालणारी यंत्रंही आली आहेत. तोडलेलं फळ साठवून ठेवलं की आंबायला लागतं आणि तो वास तेलात उतरतो. म्हणून चांगला शेतकरी शक्यतो एका दिवसाच्या आत फळ घाण्यावर पोचवतो. जुन्या घाण्यात दगडी चाकं गाढवाच्या किंवा बैलाच्या बळावर फिरत, फळं आठळीसकट चिरडली जात, तो लगदा काथ्यासारख्या धाग्यांच्या गोल चटयांवर पसरून चटयांची चवड दाबाखाली ठेवत. आज बहुतेक ठिकाणी पोलादी यंत्रं फळ चिरडतात, लगदा काही वेळ हळूहळू घुसळला जातो आणि मग वेगाने फिरणाऱ्या यंत्रात तेल पाण्यापासून वेगळं होतं. घुसळताना तापमान २७ अंशांच्या वर जाऊ दिलं नाही, तरच तेलाला ‘थंड पद्धतीने काढलेलं’ म्हणता येतं. फळाची जात आणि पक्वता यांवर उतारा ठरतो; एक लिटर तेलाला पाच-सहा किलोपासून दहा किलोपर्यंत फळ लागू शकतं.

नोव्हेंबरात तिथे कडक थंडी असते आणि थंडीत तेल घट्ट होऊन वाहत नाही. म्हणून जुन्या घाण्यात विस्तव पेटता ठेवावा लागे. रात्रंदिवस काम चाले, शेतकरी आपला माल गाळून होईपर्यंत तिथेच थांबत. शेजारी विस्तव, खिशात दोन-चार दिवसांचा पाव, समोर नळीतून पडणारं हिरवंगार, गढूळ तेल. काप निखाऱ्यावर धरायचा, लसणाची पाकळी चोळायची, तो नव्या तेलाखाली धरायचा आणि खायचं. गुऱ्हाळावर गेलेल्या माणसाच्या हाती गरम काकवी पडावी, तसाच हा मान. त्यात मालाची परीक्षाही होती. यंदाचं तेल कसं उतरलं, तिखट आहे की मवाळ, कुठे आंबूस वास येतो का, हे त्या एका घासात कळे. आजही उम्ब्रिया प्रांतात तेलाच्या हंगामात घाणे लोकांसाठी खुले ठेवतात. स्पेल्लो या गावात ऑलिव्ह आणि ब्रुस्केत्ता यांचा उत्सव भरतो. रोमच्या ईशान्येला साबिना नावाचा डोंगराळ भाग आहे, त्याच्या तेलाला १९९६ साली युरोपीय संघाचं संरक्षित मानांकन मिळालं. तिथल्या कासाप्रोता गावात तर ब्रुस्केत्ताचीच जत्रा असते.

ताज्या तेलाची चव पहिल्यांदा घेणारा माणूस दचकतो. जिभेवर कडवट, आणि गिळल्यावर क्षणभराने घशाच्या मागच्या बाजूला झणका लागतो. ठसकाही लागू शकतो. पुष्कळांना वाटतं तेल खराब आहे. हा झणका म्हणजे तेल ताजं आणि उत्तम असल्याची खूण आहे. त्यामागचं कारण सापडलं तेही एका योगायोगाने. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतले शास्त्रज्ञ गॅरी बोशां सिसिलीतल्या एरिचे गावी एका परिषदेला गेले होते. तिथे ताजं तेल चाखताना घशात जे जाणवलं ते त्यांच्या ओळखीचं होतं. आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधाचं द्रावण चाखताना नेमकं हेच होतं. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तेलातला तो घटक वेगळा केला, त्याला ‘ओलिओकँथाल’ असं नाव दिलं आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत तो आयबुप्रोफेनसारखाच परिणाम करतो, हे २००५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं. याचा अर्थ तेल हे औषध म्हणून प्यावं असा नव्हे. रोजच्या खाण्यात त्याचं प्रमाण फार थोडं असतं. हा घटक तेल जुनं होईल तसा कमी होत जातो, ही गोष्ट मात्र आपल्या कामाची आहे. ब्रुस्केत्ताला ऋतू का आहे, हे त्यातून समजतं.

पावाचीही एक बाजू आहे. मध्य इटलीच्या खेड्यांत पाव रोज भाजत नसत. सरपण महाग, भट्टी बऱ्याचदा सामायिक. आठवड्यातून एकदा मोठे, जाड कवचाचे पाव भाजायचे आणि ते आठवडाभर पुरवायचे. त्यामुळे शिळ्या पावाचं काय करायचं, हा प्रश्न रोजचा होता. पाण्यात भिजवून, पिळून, कांदा-काकडी घालून केलेली पांत्सानेल्ला, भाजीपाल्याच्या रशात पाव शिजवून केलेली रिबोल्लीता, ही सगळी त्या प्रश्नाची उत्तरं आहेत. त्यांतलं सर्वांत सोपं उत्तर म्हणजे काप विस्तवावर धरणं.

हे उत्तर बरोबर का ठरतं? पाव शिळा होतो म्हणजे तो फक्त वाळतो, असा आपला समज असतो. हवाबंद डब्यात ठेवलेला पावही कडक होतो, कारण भट्टीत फुगलेले स्टार्चचे रेणू थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट रचना धरू लागतात. ६० अंशांच्या वर तापवलं की ही रचना सैल होते आणि आतला गर पुन्हा मऊ पडतो. (फ्रिजमध्ये ही घट्ट होण्याची क्रिया उलट वेगाने होते, पाव तिथे ठेवू नये.) त्याच वेळी बाहेरचा पृष्ठभाग निखाऱ्याच्या धगीने तांबूस होतो. प्रथिनं आणि शर्करा यांच्यातली ही प्रक्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ साली वर्णन केली. खमंग वास आणि रंग तिच्यामुळे येतात. बाहेर खरखरीत आणि आत लुसलुशीत, असा हा काप तेल पिऊनही लगदा होत नाही. ताज्या मऊ पावाला हे जमत नाही.

खरखरीतपणाचा आणखी एक उपयोग म्हणजे लसूण. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. पेशी फुटल्या की आतली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि ‘अ‍ॅलिसिन’ नावाचा झणझणीत पदार्थ तयार होतो. भाजलेल्या पावाचा पृष्ठभाग किसणीचं काम करतो. पाकळी दोन-तीनदा फिरवली की पुरेसा लसूण पावावर उतरतो, गरम कापावरून त्याचा वास वर येतो. त्यावर तेल, सढळ हाताने. सगळ्यात शेवटी मीठ, कारण मीठ तेलात विरघळत नाही. त्याचे खडे तसेच राहतात आणि दाताखाली येतात. या क्रमात मला तरी काही बदलावंसं वाटत नाही. तीन-चार जिन्नस आणि पाच मिनिटं, तरी एकही पायरी वायफळ नाही.

तोस्काना प्रांतात हाच पदार्थ ‘फेत्तुंता’ म्हणून ओळखला जातो, म्हणजे तेलाने माखलेला काप. तिथला पाव पिढ्यान्‌पिढ्या बिनमिठाचा करतात. पिसा शहराने मीठ अडवलं म्हणून फ्लॉरेन्सने असा पाव करायला सुरुवात केली, अशी एक कथा सांगतात. मिठावरच्या कराचंही कारण देतात. कारण काही असो, अळणी पावावर तिखट-कडवट तेल आणि वरून मीठ घातलं की चवीचा तोल बरोबर जमतो. हिवाळ्यात त्याच कापावर उकडलेली काळपट पानांची कोबी किंवा पांढऱ्या घेवड्याचे दाणेही घालतात. उत्तरेला प्येमोन्तेत याला ‘सोमा दाय’ म्हणतात आणि द्राक्षतोडणीच्या दिवसांत लसूण-तेल लावलेल्या या पावासोबत द्राक्षं खातात. दक्षिणेत पुलियात गव्हाच्या कठीण जातीचा पिवळसर, टिकाऊ पाव करतात. आल्तामुरा गावच्या पावाला २००३ साली संरक्षित नाव मिळालं. समुद्रापार स्पेनच्या कातालोनियात पावावर पिकलेला टोमॅटोच चोळतात आणि माल्टातही तेल-टोमॅटो लावलेला पाव हे रोजचं खाणं आहे.

तोस्कानातल्या शेतकऱ्याला हे तेल सहज मिळे असं मात्र नाही. तिथे शतकानुशतकं अर्धेलीची पद्धत होती. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे आणि उत्पन्न निम्मंनिम्मं, तेलसुद्धा. इटलीने १९६४ साली कायदा करून असे नवे करार बंद केले. तोवर अनेक कुळांच्या स्वयंपाकात डुकराची चरबी चाले आणि तेल जपून वापरलं जाई किंवा विकलं जाई. त्यामुळे घाण्यावर, हंगामाच्या दिवशी, हात न आखडता ओतलेलं तेल ही खरोखरच सणाची गोष्ट होती. ‘गरिबाचं खाणं’ असं या पदार्थाचं कौतुक होतं, तेव्हा गरिबाला तो वर्षातून किती वेळा असा मनासारखा मिळत असेल, याचाही विचार करायला हवा.

टोमॅटोची गोष्ट थोडक्यात सांगतो. हे फळ अमेरिका खंडातलं. इटलीत त्याचा छापील उल्लेख १५४४ साली वनस्पतिशास्त्रज्ञ मात्तियोली यांच्या लेखनात येतो. ३१ ऑक्टोबर १५४८ रोजी फ्लॉरेन्सचे ड्यूक कोझिमो दे मेदिची यांच्या मळ्यातून टोमॅटोची टोपली पिसाच्या वाड्यावर सुखरूप पोचल्याची नोंद त्यांच्या कारभाऱ्याच्या पत्रात आहे. तरीही कितीतरी काळ ते शोभेचं, शंकेखोर नजरेने पाहिलं जाणारं फळ राहिलं. नापोलीच्या दरबारात काम केलेल्या आंतोनियो लातिनी यांच्या पाकग्रंथात १७व्या शतकाच्या अखेरीस टोमॅटोची चटणी येते आणि सर्वसामान्यांच्या ताटात ते रुळायला त्यानंतरही बराच काळ गेला. म्हणजे केटोच्या काळापासून जवळजवळ दोन हजार वर्षं हा भाजका पाव टोमॅटोवाचून चालला होता. दक्षिण इटलीच्या उन्हाळ्यात पिकलेला टोमॅटो, तुळशीच्या कुळातलं बेझिल आणि ओरेगानो यांनी त्यात जी भर घातली ती सुंदर आहे, यात वाद नाही. पण तो पदार्थाचा उन्हाळी अवतार आहे. नोव्हेंबरात नवं तेल आलं की वर काही घालायची गरज नसते.

इटलीबाहेर हा पदार्थ पोचला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. एलिझाबेथ डेव्हिड यांचं ‘इटालियन फूड’ हे पुस्तक लंडनमध्ये १९५४ साली प्रसिद्ध झालं आणि इंग्रजी वाचकांना त्यातून ब्रुस्केत्ता भेटला. ब्रिटनमधलं युद्धकाळापासूनचं रेशनिंग त्याच वर्षी संपलं होतं. ऑलिव्हचं तेल तिथे औषधाच्या दुकानात छोट्या बाटलीत मिळे. पुढे अमेरिकेत पाककृती-लेखिका मार्चेल्ला हाझान यांनी हा पदार्थ समजावून सांगताना लसणापेक्षाही तेलाला अग्रमान दिला. दुर्दैवाने बाजाराने त्यांचं ऐकलं नाही. आज अमेरिकी दुकानांत चिरलेल्या टोमॅटोच्या मिश्रणाची बरणी ‘ब्रुस्केत्ता’ या नावाने विकली जाते. भाजलेल्या पावाचं नाव, आणि बरणीत पाव औषधालाही नाही! आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत याच नावाखाली चीज वितळवलेले, मक्याचे दाणे घातलेले टोस्ट येतात. ते चवदार असतीलही. त्यांना चीज टोस्ट म्हणावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेलाचा हा सगळा डोलारा झाडांवर उभा आहे आणि झाडं आज सुखात नाहीत. जानेवारी १९८५मध्ये तोस्कानात अशी थंडीची लाट आली की फ्लॉरेन्सजवळ पारा उणे २३ अंशांपर्यंत घसरला आणि शतकांची वयं असलेले ऑलिव्ह वृक्ष लाखोंनी करपले. अनेकांच्या मुळांतून नवे फुटवे आले, म्हणून त्या बागा पुन्हा उभ्या राहिल्या. पुलियातलं संकट अधिक बिकट आहे. २०१३ साली तिथे ‘झायलेला फास्टिडिओसा’ या जिवाणूचा शिरकाव झाल्याचं निष्पन्न झालं. रस शोषणाऱ्या एका लहान किड्यामार्फत तो पसरतो, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिका बंद करतो आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. देशातलं सर्वाधिक तेल देणाऱ्या या प्रांतात लाखो झाडं त्याने गिळली. रोगग्रस्त झाड बरं करणारा उपाय हाती नसल्याने रोगाला तोंड देणाऱ्या जातींची नव्याने लागवड चालू आहे.

घरी करून पाहायचं तर लादीपाव नको. तो मऊ आणि गोडसर असतो, तेलाखाली बसतो. जाड कवचाचा, आंबवून केलेला पाव घ्या, बोटभर जाडीचे काप करा. निखारे नसतील तर लोखंडी तवा चालतो, फक्त तो चांगला तापू द्या. तेल घेताना बाटलीवर ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ असल्याची खात्री करा. त्यासाठी आम्लता ०.८ टक्क्यापेक्षा जास्त नसावी लागते आणि चव घेणाऱ्या प्रशिक्षित मंडळींना तेलात एकही दोष आढळता कामा नये, असा नियम आहे. त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे तोडणीचं वर्ष छापलेलं असेल तर ते वाचा आणि सर्वांत अलीकडचं निवडा. काचेची बाटली गडद रंगाची हवी. गॅसच्या शेगडीजवळ ती ठेवू नका, आणि एकदा उघडली की दोन-तीन महिन्यांत संपवा.